१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या कशी उलगडायची?

प्रश्न असा आला आहे: "सर, मी खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये दहावीला आहे. १२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येचे जमतील तेवढे गुणधर्म लिहून आणायला सांगितलंय. ती मूळ संख्या आहे का? अवयव कोणते, विभाजक किती? कॅल्क्युलेटरवर मावत नाही, आणि कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये टाकली तर शेवटचे अंकच बदलतात. एवढ्या मोठ्या संख्येला हात कुठून घालायचा?"

आधी कॉम्प्युटरचं बघू, नाहीतर तू भलत्याच संख्येचे गुणधर्म काढत बसशील. एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले १५ अंकच धरून ठेवतं आणि पुढच्या जागी शून्यं भरतं. तुझी संख्या १७ अंकी आहे, म्हणून तिथे १२३४५६७८९८७६५४३०० दिसतं. म्हणजे तुझ्या विषम संख्येची चक्क शंभराने भाग जाणारी सम संख्या होऊन बसली. इतर बऱ्याच प्रोग्राममध्येही हीच अडचण येते. संख्या ६४ बिटांत तरत्या बिंदूच्या (फ्लोटिंग पॉइंट) पद्धतीने साठवली, तर २ च्या ५३ व्या घातापर्यंत, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच प्रत्येक पूर्णांक नेमका बसतो. त्यापुढे, याच्या दुपटीपर्यंत, फक्त सम संख्या बसतात. तुझी संख्या नेमकी त्या पट्ट्यात येते आणि ती विषम आहे, त्यामुळे तिथे तिचा शेवट ३२१ ऐवजी ३२० होतो. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत मात्र पूर्णांक कितीही अंकी असला तरी जसाच्या तसा राहतो. लॅबमध्ये ते असेल तर ताळा करायला वापर. नसेल तरी अडत नाही. खालचं सगळं वहीच्या दोन पानांत होतं.

संख्या वाचता आली पाहिजे, तेही करून टाकू. रोजच्या बोलण्यात ती एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. "कोटी" दोनदा येतो, कारण कोटीच्या पुढची नावं आपण वापरतच नाही. पण ती आहेत. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात दिलेल्या स्थानांप्रमाणे पहिला १ "मध्य" या स्थानी, म्हणजे १० च्या १६ व्या घाताच्या जागी आहे. पुढे २ अंत्यावर, ३ जलधीवर, ४ शंकूवर, ५ महापद्मावर, ६ निखर्वावर, ७ खर्वावर, ८ अब्जावर आणि मधोमधचा ९ अर्बुदावर, म्हणजे दहा कोटींच्या जागी. उत्तरात ही एक ओळ जरूर लिही.

आता मुख्य गोष्ट. मोठी संख्या समोर आली की मुलं लगेच भाग द्यायला घेतात: २ ने जातो का, ३ ने जातो का, ७ ने जातो का. या संख्येचं वर्गमूळ १११११११११, म्हणजे ११ कोटींहून थोडं जास्त आहे. ती मूळ आहे की नाही हे नुसत्या भागाकाराने ठरवायचं, तर तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासाव्या लागल्या असत्या, आणि नुसत्या १० कोटींच्या आतच ५७,६१,४५५ मूळ संख्या आहेत. हा रस्ता सोड. आधी विचार, की ही संख्या तयार कशी झाली असेल? बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या मागावरच्या साडीत नक्षी कुठून आली ते बघायचं तर कापडापेक्षा मागावर धागे कसे लावलेत ते बघावं लागतं, तसंच इथे आहे. १ पासून ९ पर्यंत चढायचं आणि तसंच उतरायचं, ही नक्षी आपोआप आलेली नाही.

लहान रूप घे. १११ चा वर्ग उभ्या मांडणीत कर:

१११
१११०
१११००
यांची बेरीज १२३२१

उजवीकडून पहिल्या स्तंभात एकच १ आहे, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, मग परत दोन आणि एक. नऊ एकांच्या संख्येला तिनेच गुणलं की अशाच नऊ ओळी होतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. स्तंभांच्या बेरजा १, २, ३ करत ९ पर्यंत चढतात आणि पुन्हा उतरतात. एकाही स्तंभाची बेरीज ९ च्या पुढे जात नाही, म्हणून कुठेच हातचा येत नाही आणि नक्षी शाबूत राहते. तेव्हा तुझी संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग. दहा एकांचा वर्ग करून बघ. मधल्या स्तंभाची बेरीज १० होते, हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असं येतं. नक्षी मोडली. म्हणजे या जातीच्या न मोडलेल्या संख्यांमध्ये तुझी संख्या सगळ्यात मोठी.

ती पूर्ण वर्ग आहे एवढं कळलं की "मूळ आहे का" याचं उत्तर झालंच, नाही. आता अवयव. १७ अंकांकडे बघायचं कारण उरलं नाही, १११११११११ चे अवयव काढ आणि प्रत्येकाचा घात दुप्पट कर. नऊ एक तीन-तीनचे गट करून लिही: १११, १११, १११. म्हणजे १११ × १००१००१. पैकी १११ = ३ × ३७. आणि १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून त्याला ३ ने भाग जातो: १००१००१ = ३ × ३३३६६७. सगळं मिळून

१११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७

आणि तुझी संख्या = ३ चा चौथा घात × ३७ चा वर्ग × ३३३६६७ चा वर्ग.

इथे बहुतेक जण थांबतात आणि ३३३६६७ मूळ आहे असं गृहीत धरतात. गृहीत धरू नकोस, सिद्ध कर. तिचं वर्गमूळ ५७७ आणि ५७८ च्या मध्ये आहे, म्हणजे ५७७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग देऊन बघायला हवा. अशा संख्या १०६ आहेत. एका दुपारचं काम आहे, पण त्याहून चांगली वाट तुमच्या शाळेतल्याच आवर्ती दशांशांच्या धड्यातून जाते, आणि मला या सगळ्या उत्तरात तीच सगळ्यात प्रिय आहे.

३३३६६७ × २९९७ करून बघ. उत्तर येतं ९९९९९९९९९, नऊ नऊ. आता समज, ३३३६६७ ला कुठल्यातरी मूळ संख्येने भाग जातो. तिला "प" म्हणू. मग ९९९९९९९९९ लाही "प" ने भाग जाणार. याचा अर्थ १/प चा दशांश काढला तर तो जास्तीत जास्त नऊ अंकांनंतर पुन्हा तोच सुरू होतो, आणि आवर्तनाची लांबी ९ चा विभाजक असते: १, ३ किंवा ९. लांबी १ असणारी मूळ संख्या एकच, ती म्हणजे ३ (१/३ = ०.३३३...). लांबी ३ असणारीही एकच, ३७ (१/३७ = ०.०२७०२७...), कारण ९९९ = २७ × ३७. ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, म्हणून ३ गेला. ३७ × ९०१८ = ३३३६६६, बाकी १, म्हणून ३७ ही गेला. उरली लांबी ९. आता फेर्मा या गणितज्ञाचा नियम असा, की १/प च्या आवर्तनाची लांबी नेहमी प वजा १ चा विभाजक असते. म्हणून प वजा १ ला ९ ने भाग गेला पाहिजे. प विषम आहे, तेव्हा १८ ने गेला पाहिजे. म्हणजे "प" हा १९, ३७, ५५, ७३ अशा, १८ च्या पटीत एक मिळवून येणाऱ्या संख्यांपैकीच असणार.

५७७ पर्यंत अशा मूळ संख्या फक्त सतरा: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. एकशे सहाचे सतरा झाले, त्यातला ३७ आधीच तपासून झालाय. १९ ने भाग दिला तर बाकी ८, ७३ ने ५७, १०९ ने १८, १६३ ने ६, ५७७ ने १६१. उरलेले अकरा भागाकार वहीत कर. एकानेही निःशेष भाग जात नाही. ३३३६६७ मूळ आहे, आणि हे आता कुणाच्या सांगण्यावरून नाही. १/३३३६६७ = ०.०००००२९९७०००००२९९७... असं नऊ-नऊ अंकांनी फिरतं, आणि नेमकं नऊ अंकांचं आवर्तन असणारी मूळ संख्या जगात ही एकटीच.

तुलनेसाठी एक छोटी संख्या घे. बेळगावचा पिन कोड ५९०००१. सहाच अंक. अंकांची बेरीज १५, म्हणून ३ ने भाग जातो, उरतात १९६६६७. पुढे ५, ७, ११, १३ कशानेच जात नाही. मूळ संख्यांच्या यादीतल्या ४४ व्या संख्येपर्यंत, १९३ पर्यंत, जावं लागतं: १९६६६७ = १९३ × १०१९, आणि १०१९ मूळ आहे. टपाल खात्याने हा आकडा विभाग आणि कार्यालय ओळखायला दिला, त्याच्या घडणीत गणिताचा हात नाही, म्हणून धरायला काही सापडत नाही. सतरा अंकी संख्या तीन ओळींत सुटली आणि सहा अंकी संख्येने दमवलं. संख्या अवघड आहे की सोपी हे लांबीपेक्षा तिच्या घडणीवर जास्त ठरतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली मूळ संख्या, २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १, ही ४ कोटी १० लाखांहून जास्त अंकांची आहे. ती मूळ असल्याचं सिद्ध करता आलं, कारण त्या घडणीच्या संख्यांसाठी खास कसोटी आहे. उलट मुद्दाम दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करून, माग लागू नये अशी बनवलेली २५० अंकी संख्या फोडायला २०२० साली असंख्य संगणक एकत्र लावावे लागले. ऑनलाइन व्यवहारांच्या सुरक्षेत हीच अडचण कुलूप म्हणून वापरलेली असते.

विभाजकांची संख्या आता एका ओळीत येते. घात आहेत ४, २, २. प्रत्येकात एक मिळवून गुणाकार कर: ५ × ३ × ३ = ४५. विषम आली, कारण संख्या पूर्ण वर्ग आहे. विभाजकांच्या २२ जोड्या लागतात आणि १११११११११ स्वतःशीच जोडी लावतो. सगळ्या विभाजकांची बेरीज १८९५४२७९५९२८२७५७९ येते, म्हणजे संख्येच्या साधारण दीडपट. दुपटीपेक्षा कमी असल्यामुळे ती परिपूर्ण संख्या नाही, न्यून संख्या आहे. एवढं पुरे, यात फार काही दडलेलं नाही.

जास्त गंमत अंकांच्या बेरजेत आहे. १ ते ९ आणि परत १ पर्यंत, एकूण ८१. आणि संख्येत ३ चा चौथा घात आहे, तोही ८१. म्हणजे या संख्येला स्वतःच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो, आणि भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो, जो १२३४५६७९ चा वर्ग आहे. अशा संख्यांना "हर्षद" हे नाव द. रा. कापरेकरांनी दिलं. १९०५ साली डहाणूला जन्मलेले आणि देवळालीच्या शाळेत आयुष्यभर शिकवलेले हे गणितज्ञ. विद्यापीठातलं पद नाही, तरी वहीवर आकडे मांडत त्यांनी जे शोधलं ते जगभर पोचलं. ६१७४ हा कापरेकर स्थिरांक तू ऐकला असशील. तुझी संख्या ज्या कुळातली आहे त्या कुळाचाही त्यांनी अभ्यास केला, आणि आताच्या डोंबिवलीच्या स्टेशनाच्या तेव्हाच्या नावावरून त्या संख्यांना "डेम्लो संख्या" म्हटलं. आपल्याकडच्या मराठी शाळांतल्या मुलांना कापरेकर माहीत असायलाच हवेत, असं मला मनापासून वाटतं.

पण सगळ्या डेम्लो वर्गांना हा हर्षद गुण नसतो. आठ एकांचा वर्ग १२३४५६७८७६५४३२१ घे. अंकांची बेरीज ६४, आणि संख्या विषम, तेव्हा भाग जाणं शक्यच नाही. एक ते नऊ एकांपर्यंतच्या नऊ वर्गांत हर्षद फक्त तीन निघतात: १, १२३२१ आणि तुझी संख्या. "न" इतके एक असलेल्या संख्येला "न" ने भाग गेला तरच हे जमतं, आणि १ ते ९ मध्ये ते १, ३, ९ लाच जमतं.

आता समज, ही संख्या नऊ एकांचा वर्ग आहे हे सुचलंच नसतं, तर? तरी वाट होती. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाड: १२, ३४५, ६७८, ९८७, ६५४, ३२१. यांची बेरीज २९९७, म्हणजे ३ × ९९९. म्हणून संख्येला ९९९ ने, अर्थात ३७ ने भाग जातो. ७, ११, १३ साठी हेच गट आळीपाळीने वजा-अधिक कर: ३२१ − ६५४ + ९८७ − ६७८ + ३४५ − १२ = ३०९. याला ७ ने भागून बाकी १, ११ ने १, १३ ने १०. एकाच बेरजेत तिन्ही बाद. हे चालतं कारण ७ × ११ × १३ = १००१. आणि नऊ-नऊ अंकांचे गट पाडलेस तर १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१. यांची बेरीज कर. ९९९९९९९९९! म्हणजे संख्येला नऊ नवांनीही भाग जातो, आणि भागाकार १२३४५६७९. या भागाकारात ८ नाही ते बघ. १/८१ चा दशांश ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... असा फिरतो, त्यातही ८ गायब असतो, कारण तिथेही दहाचा हातचा लागतो.

एकाच अंकाच्या, म्हणजे नुसत्या १ च्या संख्या मूळ कधी असतात, हेही कुणी विचारेल. त्यात एक किती वेळा आलाय तो आकडा संयुक्त असेल, तर ती संख्या मूळ असूच शकत नाही. सहा एक असतील तर दोन-दोनचे किंवा तीन-तीनचे गट पडतात आणि अवयव मिळतात, जसे आपण वर नऊचे पाडले. तो आकडा मूळ असला तरी खात्री नसते, १११ लाच ३७ ने भाग जातो. दोन, १९, २३, ३१७ आणि १०३१ एकांच्या संख्या मूळ आहेत.

शेवटचा गुणधर्म पायथागोरसचा. ३७ चा वर्ग म्हणजे ३५ चा वर्ग अधिक १२ चा वर्ग: १२२५ + १४४ = १३६९. या तिन्ही बाजूंना ३००३००३ ने गुण. ३७ चे होतात १११११११११, ३५ चे १०५१०५१०५ आणि १२ चे ३६०३६०३६. म्हणून

१२३४५६७८९८७६५४३२१ = १०५१०५१०५ चा वर्ग + ३६०३६०३६ चा वर्ग.

म्हणजे १११११११११ कर्ण असलेला, पूर्णांक बाजूंचा काटकोन त्रिकोण आहे. आणि तो एकच आहे. कर्णाच्या मूळ अवयवांपैकी ज्यांना ४ ने भागून बाकी १ उरते तेवढेच यात उपयोगी पडतात. ३ ला बाकी ३, ३३३६६७ लाही बाकी ३, बाकी १ फक्त ३७ ला. तोही एकदाच आला आहे, म्हणून त्रिकोण एक.

हे जमलं की आठ एकांचा कर्ण घे. ११११११११ = ११ × ७३ × १०१ × १३७. इथे ११ सोडून तिन्ही अवयव उपयोगी आहेत, आणि त्रिकोण एक नाही, तेरा निघतात. सुरुवातीचे तीन ४८-५५-७३, २०-९९-१०१ आणि ८८-१०५-१३७ यांना मोठं करून लगेच मिळतील. उरलेले दहा अवयवांचे दोन-दोन आणि तीन-तीन गुणाकार घेऊन काढावे लागतील. काढून पाठव, मी तपासून देतो.